हलका हात

दादाचा पाय टेबलावर आडवा पडला होता आणि दादा खुर्चीत बसून त्याच्याशी भांडत होता.

"घे हे तुझं लाडकं बाळ," तो बहिणीला म्हणाला, "आणि टाक माळ्यावर. मला नको. दोन पावलं टाकली की आत नुसत्या सुऱ्या फिरतात."

"कुठे दुखतंय ते सांग ना, मी घासून देते."

"सगळीकडे दुखतंय! मागे सांगितलं तिथे दुखतंय, तू घासलंस तिथे जास्त दुखतंय, आणि आता तुझं ते 'कुठे दुखतंय' ऐकलं तरी दुखतंय."

बहिणीने निमूटपणे पाय उचलला आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण लहानपणी दादाने तिला ठकू म्हणायला सुरुवात केली आणि ते असं चिकटलं की चाळिशी उलटून गेली तरी निघायचं नाव घेईना. ठकू कृत्रिम पाय बनवायची. उगीच कौतुक म्हणून नाही सांगत, पण त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिच्या हातचा पाय लावून माणसं सायकलवर बसलीत, नाचलीत, एक आजोबा तर बायकोच्या मागे धावलेत. का धावले ते विचारू नका. आणि असल्या बाईला सख्ख्या भावाचा पाय जमू नये? काय म्हणावं याला!

दादा भिंतींना गिलावा करायचा. भिंतीवर पालथी मूठ आपटून कुठे पोकळ राहिलंय ते सांगणारा माणूस. कामावर असताना परांचीची फळी सुटली, दादा खाली आला आणि त्याच्यावर सगळा लोखंडी सांगाडा आला. जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली थोडा ठेवून बाकीचा डॉक्टरांनी काढून टाकला. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. म्हणून इस्पितळातून तो आणि वहिनी थेट ठकूच्या तळमजल्यावरच्या घरात आले आणि तेव्हापासून तिथेच होते. वहिनी रोज संध्याकाळी आपल्या घरी जायची, खिडक्या उघडायची, जरा वेळ बसायची आणि खिडक्या लावून परत यायची. त्या घरातली एकूण एक भिंत दादाने स्वतः केली होती. बैठकीतली तर इतकी गुळगुळीत की पाहुणे बोलता बोलता तिच्यावरून हात फिरवायचे.

आता त्या घरावर पाणी सोडायची वेळ आली होती. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर एक कुटुंब होतं, त्यांना उजेडाचं घर हवं होतं. अदलाबदल करू म्हणाले. माणसं सज्जन, पण त्यांनाही किती दिवस तिष्ठत ठेवणार? या महिन्यात हो की नाही ते कळवायचं ठरलं होतं.

"या वेळी जमलं नाही तर त्यांना होकार कळवायचा," दादा म्हणाला, "आणि मला चाकाची खुर्ची आणायची. विषय संपला."

वहिनी दारात उभी होती. ती आत गेली आणि तिने कारण नसताना सगळे कप पुन्हा धुतले.

* * *

ठकूला काही कमी कळत होतं असं नाही. उलट जरा जास्तच कळत होतं, आणि घोळ तिथेच होता.

कृत्रिम पायाचा वरचा भाग पोकळ असतो, त्याला सॉकेट म्हणतात. उरलेला पाय त्यात बसतो. लोकांना वाटतं, आत कापूसबिपूस भरून मऊ मऊ केलं की झालं. छे! माणसाचं वजन कापलेल्या टोकावर पडलं तर तो कळवळतो. ते वजन पडायला हवं गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे एक जाड शीर हाताला लागते तिथे. ती जागा सोसणारी आहे. म्हणून माप घेताना ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि त्या शिरेच्या दोन्ही बाजूंना अंगठे चांगले आत रुतवून धरायचे, प्लास्टर घट्ट होईपर्यंत. माणूस 'आई गं' म्हणतो. म्हणू द्यायचं. त्या दोन खड्ड्यांवर तो पुढे जन्मभर चालणार असतो.

हे सगळं ठकू झोपेतून उठवलं तरी सांगेल. नव्या मुलींना तिनेच तर शिकवलं होतं. ती काम करायची त्या केंद्रातल्या मोठ्या सरांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "भावाचं माप आहे, दुसऱ्या कोणाकडे देऊ का?" त्यावर ही बाणेदारपणे म्हणाली होती, "माझ्या भावाला दुसरं कोणी हात लावणार? शक्यच नाही!"

पाय झाला. दादाने लावला. दुखलं. ठकूने दुखऱ्या जागी आतून घासलं, जागा मोठी केली. दादा आणखी खाली घसरला आणि टोक टेकायला लागलं. ते दुखलं. तिने तिथेही घासलं. मग सैल झालं म्हणून दोन मोजे चढवले, मोज्यांनी दाटलं म्हणून पुन्हा घासलं. दर वेळी तिच्याकडे त्याचं चोख कारण तयार असायचं. नव्या माणसाची सूज उतरत असते, पाय आकसतो, कातडी अजून कोवळी आहे, मनाने अजून पाय स्वीकारलेला नाही. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, हेच तर वाईट.

केंद्रात चालायला शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांना सगळे मास्तरीण म्हणायचे. जिभेला हाड नाही, पण मनात काही नाही. ठकू पिशवीतून पाय घेऊन आली तेव्हा मास्तरीणबाईंनी तो हातात घेतला, आत हात घालून फिरवला आणि म्हणाल्या, "हा पाय केलायस की उशी?"

"अहो बाई, त्याची सूज उतरतेय. सैल पडणारच. पुस्तकात सुद्धा—"

"पुस्तक मलाही वाचता येतं. सैल पडायला आधी घट्ट असावं लागतं ना? हा पहिल्या दिवसापासूनच सैल होता. मी त्याला आधाराच्या दांड्यांमध्ये चालवलाय. खुळखुळ्यातल्या खड्यासारखा वाजत होता तो आत."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं! तू मला सूज म्हणजे काय ते समजावून सांगितलंस. चांगलं अर्धा तास."

ठकूच्या नाकाला मिरची झोंबली. ती तरातरा साच्यांच्या खोलीत गेली. तिथे भिंतीला लागून फळ्या आहेत आणि फळ्यांवर माणसांचे पांढरे प्लास्टरचे पाय ओळीने उभे असतात. माप घेतलेल्या पट्टीत प्लास्टर ओतून हा भरीव साचा करतात आणि त्याच्यावर सॉकेट बनवतात. माणूस चालून 'ठीक आहे' म्हणेपर्यंत त्याचा साचा फोडायचा नाही, अशी तिथली पद्धत. दादाचा साचा तिने खाली काढला. आणखी कुठे जागा करता येईल ते बघायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

टेबलावर तिचेच दुसरे दोन साचे आधीपासून होते, एक ट्रक चालवणाऱ्याचा आणि एक शाळेतल्या बाईंचा. दादाचा साचा तिने त्यांच्याशेजारी ठेवला. आणि ती बघतच राहिली.

त्या दोघांच्या गुडघ्याखाली दोन दोन खड्डे होते, स्पष्ट, खोल. तिच्याच अंगठ्यांचे. तिने अंगठे लावून पाहिले, बरोब्बर बसले. दादाच्या गुडघ्याखाली काहीच नव्हतं. साबणाची वडी असावी तसा तो साचा चोपडा होता. माप घेताना तिने दाबलंच नव्हतं. आणि नंतर कानशीने तिथे खोल करतात, तेही तिने वरवर केलं होतं.

ती तिथेच प्लास्टरच्या पोत्यावर बसली.

आठवायला लागली तेव्हा सगळं आठवलं. इस्पितळात दादाची पट्टी बदलताना ती त्याच्या उशाशी होती. एवढा दांडगा माणूस, भिंतीसारखा, आणि तो लहान मुलासारखा ओरडला होता. त्या दिवसापासून त्याच्या पायाला हात लावायचा म्हटलं की तिचे हात आपोआप हलके व्हायचे. तिला कळायचंही नाही. भीती काही 'मी भीती' म्हणून सांगत येत नाही. ठकूच्या बाबतीत तर ती चांगली शिकली-सवरलेली होऊन आली होती, सूज आणि कोवळी कातडी असं बोलत. आणि ठकूने तिला मान देऊन बसवून घेतलं होतं.

* * *

घरी आल्यावर चहा व्हायच्या आधीच तिने दादाला सांगून टाकलं. असल्या गोष्टी पोटात ठेवल्या की नासतात.

"दादा, तुझा काही दोष नाही. मनाचा नाही, पायाचा नाही. माझी चूक आहे. मला तुला दुखवायची भीती वाटते, म्हणून मी दाबलं नाही."

दादाने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे मी इतके दिवस बोंबलत होतो ते खरं होतं?"

"हो."

"आणि तू मला मन घट्ट करायला सांगत होतीस?"

"हो रे बाबा. माप सैल आणि मन घट्ट." ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. "आमच्याकडे एक जण आहे, अगदी शांत, उत्तम हात आहे त्याचा. मी सरांशी बोलले. उद्या तो तुझं माप घेईल."

"नाही."

"म्हणजे?"

"तूच घ्यायचंस."

"अरे, पण मला जमत नाही! सांगितलं ना आत्ता!"

"ऐक जरा. त्याने माप घेतलं तर मी चालेन, मान्य. पण तू? तुझ्या हातात ही भीती राहणार. माझ्यासारखा कोणी ओरडला की तुझा हात पुन्हा हलका पडणार. मग त्याने कोणाकडे बघायचं? तो काही तुझा दादा नसणार, घासत बसायला."

ठकूने वहिनीकडे पाहिलं.

"मला विचारू नकोस," वहिनी म्हणाली. "मला एवढंच माहीत आहे की यांना परक्या माणसाला शिव्या देता येणार नाहीत. आणि शिव्या दिल्याशिवाय यांचं कुठलंच काम पुढे जात नाही."

"पण एकदाच," दादा म्हणाला. "या वेळी नाही जमलं तर होकार कळवायचा. मग रडारड नको."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बाहेर बाकावर बसली आणि दादाला ठकूने मापाच्या खोलीत घेतलं. दार लावलं. बादलीत कोमट पाणी, टेबलावर पट्ट्या, जांभळी पेन्सिल. ठकूने मनाशी पक्कं ठरवलं होतं की आज भावनेला दाराबाहेर ठेवायचं. डोक्याने काम करायचं.

"बसा," ती म्हणाली.

दादाने मागे वळून पाहिलं. "कोण आलंय?"

"तुम्हालाच म्हणतेय. आज तुम्ही माझे पेशंट आहात. पाय सैल सोडा."

"बरं, बाईसाहेब!" दादा म्हणाला, आणि त्याला असं हसू फुटलं की खुर्ची हलायला लागली. ठकूच्या ओठांचा कोपराही हलला, पण तिने तो जागेवर आणला.

तिने त्याच्या उरलेल्या पायावर पातळ मोजा चढवला, पेन्सिलीने हाडाच्या कडा आखल्या, पट्टी भिजवली, गुंडाळली. सगळं बिनचूक. मग अंगठे वाटीखाली आणले आणि दाबायला सुरुवात केली. दादाने तोंडातून चकार शब्द काढला नाही, फक्त श्वास आत ओढला. तेवढं पुरलं. अंगठे आपसूक वर आले.

"राहिलं," ती म्हणाली. पट्टी कापली, टाकली. पुन्हा मोजा, पुन्हा पेन्सिल, पुन्हा पट्टी. मनातल्या मनात ती स्वतःला धडा शिकवत होती: या जागेला सोसतं, इथे इजा होत नाही, आत्ता न दाबणं म्हणजे पुढे रोजचं दुखणं. एकूण एक शब्द बरोबर. डोकं हुकूम सोडत होतं आणि हात ऐकून घेत होते, करत मात्र नव्हते. दुसरी पट्टीही टोपलीत गेली.

तिने तिसरी पट्टी गुंडाळली आणि अंगठे वाटीखाली टेकवले. दादा मघापासून तिच्या हातांकडेच बघत होता.

"ठकू," तो म्हणाला, "बाबांनी तुला हे काम शिकायला एक वर्ष पाठवलंच नव्हतं, आठवतं?"

"आता काय त्याचं? हलू नकोस."

"तू वर्षभर त्या कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावत बसलीस."

"माहीत आहे मला. मीच लावली ती. रडून रडून लावली. दुसऱ्या वर्षी तू भांडलास म्हणून सुटले."

"दुसऱ्या वर्षी भांडलो, ते खरं. पण पहिल्या वर्षी 'हिला पाठवू नका' असं बाबांना कोणी सांगितलं, ते ठाऊक आहे का तुला?"

ठकूचे हात थांबले. "कोणी?"

"मी."

क्षणभर तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू?"

"मी."

"मी तुझे उपकार मानत आले रे! इतकी वर्षं! येईल त्याला सांगत सुटले, दादा होता म्हणून मी शिकले! आणि तूच? त्या कारखान्यात माझी बोटं सोलून निघाली होती! बाबांशी मी महिनोन्‌महिने बोलले नाही! त्यांची काही चूक नसताना! लाज नाही वाटली तुला?"

"आई गं!" दादा ओरडला.

"ओरडू नकोस! मला विचारायचं तरी होतंस! मोठा शहाणा! भिंतीतलं पोकळ ऐकू येतं म्हणे याला, बहिणीच्या मनातलं नाही ऐकू आलं?"

"ठकू, अगं गुडघा—"

"गप्प बस! हललास तर बघ!"

आणि तेव्हा तिचं खाली लक्ष गेलं. तिचे दोन्ही अंगठे नखापर्यंत प्लास्टरमध्ये रुतले होते. बरोब्बर जागेवर. शिरेच्या दोन्ही बाजूंना.

आता पंचाईत अशी की सोडता येईना. प्लास्टर घट्ट होईपर्यंत हात हलवायचे नाहीत, हा पहिला नियम. तिला वाटत होतं, उठावं, दार आपटून निघून जावं, चार दिवस या माणसाचं तोंड बघू नये. आणि त्याच माणसाचा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरून ती त्याच्यासमोर बसली होती. दोघांनाही हलायची सोय नव्हती. प्लास्टर घट्ट होताना तापतं, तसं ते हळूहळू तिच्या हाताखाली गरम व्हायला लागलं.

"हे खरं आहे," तिने शेवटी विचारलं, "की मला चिडवायला रचलंस?"

"खरं आहे. आणि चिडवायलाच सांगितलं. एरवी सांगितलं नसतं. हिंमतच नव्हती."

"काय म्हणाला होतास बाबांना?"

दादाने कपाळावरचा घाम पुसला. "म्हणालो, हिचं डोकं चांगलं चालतं, पण हिला दुसऱ्याचं दुखणं बघवत नाही. पहिल्याच माणसाच्या गळ्यात पडून रडत बसेल."

ठकूने मान खाली घातली. गेल्या काही महिन्यांत तिने दुसरं काय केलं होतं? हा तेव्हा बोलला ते बरोबरच निघालं की. तिला ते फार लागलं.

"मग दुसऱ्या वर्षी मत का बदललंस?"

"माझ्या तळव्यात खिळा घुसला होता, तो तू काढलास. मी शेजारीपाजारी गोळा होतील असा बोंबलत होतो. तू माझ्यापेक्षा मोठ्याने रडत होतीस. पण माझी टाच काखेत अशी आवळून धरलीस की मला हलता येईना, आणि रडत रडत ओढून काढलास. मग परत रडत रडत धुतलास. मी बाबांना जाऊन म्हणालो, माझं चुकलं. रडणं वेगळं आणि हात वेगळा. हिला जाऊ द्या."

ठकूचा राग गेला नव्हता. वर्ष गेलं ते गेलंच होतं, ते काही या गोष्टीने परत येणार नव्हतं, आणि ती त्याला ते इतक्यात माफही करणार नव्हती. पण इतके दिवस तिला वाटत होतं की माया आहे म्हणून हात बिघडला, तेव्हा माया बाजूला ठेवली की हात सुधारेल. मघाशी ती तेच तर करायला गेली होती, 'बसा' आणि 'तुम्ही' म्हणत. मायेला बाहेर बसवल्यावर आत फक्त भीतीच उरली होती, आणि त्या भीतीला घालवायला तिच्याइतकंच जोरदार काहीतरी लागलं. शिकलेलं सगळं हातात होतंच. त्याला वाट हवी होती.

तिने नखाने प्लास्टर टिचकावून पाहिलं. टणक. मग तिने अंगठे काढले. दोन खोल खड्डे.

"झालं?" दादाने विचारलं.

"झालं. आणि तुझ्याशी मी बोलत नाहीये."

"बरं, बाईसाहेब."

* * *

नवा पाय तयार झाला तोवर ठकूचा अबोला निम्माशिम्मा उरला होता, म्हणजे ती त्याला फक्त कामापुरतं रागवत होती. मास्तरीणबाईंनी सॉकेटमध्ये हात घालून पाहिला, ठकूकडे पाहिलं आणि चक्क काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे म्हणजे सत्कारच.

दादाने पाय चढवला, दांड्या धरल्या आणि उभा राहिला. वजन टाकलं. चेहरा वाकडा झाला.

"दुखतंय," तो म्हणाला.

ठकूचा हात सवयीने पाय मागायला पुढे झालाच होता. तिने तो मागे घेतला.

"कुठे?"

"इथे. वाटीखाली. दोन्ही बाजूंना दाबतंय नुसतं."

"टोकाला?"

दादा जरा थांबला. त्याने पुन्हा वजन टाकलं, या वेळी जरा धीराने. "टोकाला... नाही. टोकाला काहीच नाही. अगं, ते लोंबकळतंयच!"

"मग चाल."

"अगं पण दाबतंय ना!"

"दाबायलाच केलाय. चाल तू."

तो चालला. दांड्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. मग एक हात सोडून. मग मास्तरीणबाईंच्या काठीवर. आतून कसलाच आवाज नव्हता. केंद्राच्या बाहेर वरच्या मजल्यावर जायला एक जिना आहे, तिकडे दादाची नजर गेली. 'आज नको' म्हणायला ठकूचं तोंड उघडलं होतं. आजच का नको, याची चांगली पाच कारणं तिला तिथल्या तिथे सुचली. तिने ती सगळी गिळली.

"आधी चांगला पाय, मग लाकडी," मास्तरीणबाई ओरडल्या.

"लाकडी नाहीये हा, बाई!" दादा म्हणाला आणि त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

वहिनी बाकावरून उठली होती आणि जिन्याच्या खाली येऊन उभी राहिली होती. ठकू तिच्या शेजारी. दादा एका हाताने कठडा धरून, एका हाताने काठी टेकून, मधे मधे आपल्या बहिणीच्या नावाने शंख करत चढत होता. एकदा तो डगमगला तेव्हा वहिनीने ठकूचा दंड धरला आणि ठकूने वहिनीचा, आणि दोघीही जागच्या हलल्या नाहीत. ठकूच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलंही नाही.

दादा वर पोहोचला. वळला. धापा टाकत कठड्याला टेकला आणि सबंध इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "अगं ए! त्या तळमजलेवाल्यांना कळव! म्हणावं, अदलाबदल नाही! आम्ही आमच्या घरी जातोय!"

"ते मी कधीच कळवलं," वहिनी खालून म्हणाली.

"कधीच म्हणजे? कधी?"

"त्या दिवशी, मापाच्या वेळी. मी बाहेर बाकावर होते. आधी कितीतरी वेळ आतून आवाजच नव्हता, तेव्हा मी फार घाबरले. मग एकदम ठकूचा आवाज चढला, तुमचा चढला, लहान भावंडं भांडतात तसे तुम्ही दोघं भांडायला लागलात. म्हटलं, जमलं यांचं. मी तशीच उठले आणि त्यांना नाही म्हणून सांगून आले."